पाऊणकी आणि भरतीचें पाणी

एका दिवाळींतील गोष्ट. नरकचतुर्दशीचा दिवस होता. अभ्यंगस्नानें व पोह्यांची पंगत आटोपून आमच्या आरोंद्याच्या घरीं मंडळी पडवींत येऊन बसली होती. तेरेखोलच्या खाडीपलीकडील किरणपाण्याहून आमचे एक जुने स्नेही भेटीस आले होते. घरांत पाहुणा आला म्हणजे मुलांचें कौतुक त्याच्यापुढें मांडावयाचें, ही आपल्याकडील रीतच आहे. त्याप्रमाणें आमच्या पुतण्याच्या तिसरींतल्या मुलाची ‘आमच्या गांवची खाडी’ ही प्रकल्पाची वही बाहेर आली. वही खरोखरच दृष्ट लागण्यासारखी होती. मोत्यांसारखें अक्षर, रंगविलेला नकाशा, कांठावरच्या कांदळवनाची माहिती, भरती-ओहोटीची आकृति, आणि शेवटीं लाल शाईनें दिलेला ‘उत्तम’ असा शेरा.

पाहुण्यांनीं वही चाळली, मुलास जवळ बोलाविलें आणि अगदीं सहज विचारलें, “बाळा, मी आतां तासाभरानें परत जाईन, तेव्हां खाडीला पाणी चढत असेल कीं उतरत?” मुलानें काकाकडे पाहिलें. काकानें खिशांतून मोबाईल काढला. पाहुणे हंसले, आम्हीही हंसलों. मूल मात्र खालीं मान घालून आंत निघून गेलें.

त्या रात्रीं आम्ही घरांतल्या घरांत हिशेब मांडला. वहींतील मजकूर काकानें मोबाईलवरून उतरून काढला होता. नकाशा आत्यानें रंगविला होता. अक्षर आईचें होतें. आकृति खुद्द आम्हीं काढून दिली होती. मुलाचें असें त्यांत एक नांव तेवढें होतें, आणि तेंही आधीं पेन्सिलीनें रेखून दिलेलें. चार वडील माणसांनीं मिळून एका आठ वर्षांच्या मुलाचा अभ्यास केला होता. आणि तेवढा वेळ तो बापडा बाजूस उभा राहून ‘डिंक दे, पट्टी दे’ अशीं आमचीं कामें करीत होता. खाडी घरापासून हांकेच्या अंतरावर. पण त्या प्रकल्पाच्या निमित्तानें तिच्या कांठीं जाऊन कोणी उभें राहिलें नव्हतें.

एवढ्यानेंच झालें असतें तर आम्ही ती गोष्ट हंसण्यावारी नेली असती. परंतु बोलतां बोलतां घरांतील एका सुनेनें जें सांगितलें तें मनास फार लागलें. ती म्हणाली, “दोन वर्षांपूर्वीं हा दिवसांतून पन्नास प्रश्न विचारी. रात्रीं खाडीचें पाणी कोठें जातें, माडाला फांद्या कां नाहींत, काजूची बी फळाच्या बाहेर कां, असें कांहींना कांहीं चाललेलें असे. आतां तो कांहींच विचारीत नाहीं.” प्रश्न कधीं बंद पडले, तें घरांत कोणास आठवेना. मुलगा शहाणा झाला, अभ्यासास लागला, असें समजून आम्ही उलट समाधानच मानलें होतें. हा लेख त्या रात्रीच्या शरमेंतून लिहिला आहे. आणि ज्या घरांत पुस्तकें आहेत, शिकलेलीं माणसें आहेत, मुलांच्या अभ्यासाची काळजी आहे, अशाच घरांसाठीं तो लिहिला आहे. कारण हा दोष अडाणी घरांत सहसा आढळत नाहीं; तो आपलाच आहे.

मुलानें स्वतः करून शिकावें, या पद्धतीस शिक्षणशास्त्रांत ‘कृतियुक्त शिक्षण’ असें म्हणतात. नांव जड वाटलें तरी अर्थ साधा आहे. मुलानें वस्तु हातांत घ्यावी, न्याहाळावी, मोजावी, जुळवावी, मोडावी; त्यावरून कांहीं अंदाज बांधावा, तो चुकावा, पुन्हा बांधावा; आणि मग नियमापाशीं यावें. मात्र हात हालले म्हणजे शिक्षण झालें, अशीही समजूत करून घेऊं नये. बाजारांतून थर्माकोल आणून वडिलांनीं कापलेला किल्ला मुलानें नुसता रंगविला, तर हात राबतात पण बुद्धि निजलेली राहते. उलट एखादी मुलगी ओसरीवर एकटीच बसून चिंचोक्यांच्या पांच-पांचांच्या ओळी लावीत असेल, एक ओळ अपुरी राहिली म्हणून कपाळास आंठी घालीत असेल, तर बाहेरून ती स्वस्थ दिसली तरी तिचें शिक्षण अगदीं जोरांत चाललें आहे असें समजावें. कृति हाताची असो वा डोळ्याची, तिच्या पाठीमागें मुलाचा स्वतःचा प्रश्न असला पाहिजे.

कोणी म्हणेल, हें परकीयांचें खूळ आहे. आपल्याकडे गुरूनें सांगावें आणि शिष्यानें ऐकावें, हीच परंपरा. परंतु छांदोग्य उपनिषदांतील श्वेतकेतूची कथा आठवावी. बाराव्या वर्षीं गुरुगृहीं गेलेला हा मुलगा चोविसाव्या वर्षीं सर्व वेद शिकून घरीं आला, तो विद्येच्या ताठ्यानें फुगूनच. पिता उद्दालक आरुणि यानें त्याच्यापुढें आणखी एक व्याख्यान झोडलें नाहीं. त्यानें मुलास वडाचें फळ आणावयास लाविलें, तें फोडावयास लाविलें, आंतील बारीक बी पुन्हा फोडावयास लाविलें, आणि काय दिसतें तें विचारलें. ‘कांहीं दिसत नाहीं’ असें उत्तर आलें तेव्हां, त्या न दिसणाऱ्या सूक्ष्मांतूनच हा एवढा वृक्ष उभा आहे, असें सांगितलें. दुसऱ्या प्रसंगीं रात्रीं पाण्यांत मीठ टाकावयास सांगून सकाळीं तें परत मागितलें. आणि तें हातास लागेना तेव्हां पाणी वरून, मधून व तळांतून चाखावयास लाविलें. ब्रह्मविद्येसारखा गहन विषयही ज्या पित्यानें वडाचें फळ आणि मिठाचें पाणी घेऊन शिकविला, त्याचे वारस म्हणविणाऱ्या आपण तिसरींतल्या मुलाला खाडीही दाखवूं नये, यास परंपरा म्हणावी कीं परंपरेचा विसर?

महाराष्ट्रांत या विचाराचें बीज रुजवून तें वाढविण्याचें श्रेय मुख्यतः दोन स्त्रियांकडे जातें. डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांतील मजुरांच्या वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. त्या विचारानें प्रेरित होऊन गुजराथी शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरास बालमंदिर सुरू केलें. ताराबाई मोडक तेथें त्यांना जाऊन मिळाल्या, आणि १९२६ सालीं नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाई पदवीधर होत्या, राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्रमुख होत्या. मनांत आणतें तर त्यांना मानमरातबाचें आयुष्य सहज काढतां आलें असतें. परंतु शहरांतील सुखवस्तु घरांच्या मुलांपुरतेंच हें शिक्षण राहिलें तर तें व्यर्थ, असें त्यांना वाटूं लागलें. आणि १९४५ सालीं, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या ठाणें जिल्ह्यांतील (सध्यांच्या पालघर जिल्ह्यांतील) बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं जाऊन राहिल्या. तेथें त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. बालपणींच वैधव्य आलेल्या, स्वतःच्या हिंमतीवर शिकून शिक्षिका झालेल्या या बाईंनीं पुढील सारें आयुष्य या कामास वाहिलें. १९५७ सालीं हें कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तींत गेलें.

माँटेसोरी पद्धतीचीं सुबक लांकडी साधनें खेड्यास परवडणारीं नव्हतीं. ताराबाई-अनुताईंनीं त्यांची वाट पाहिली नाहीं. शंख, शिंपले, गोटे, बिया, पानें, माती, काड्या यांचींच त्यांनीं साधनें केलीं. मोजावयास बिया, लहान-मोठेपणा समजावयास गोटे, रंग ओळखावयास पानेंफुलें. मुलें बालवाडीस येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली, तीच अंगणवाडी. पुढें १९७५ सालीं केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला. गुरें राखणाऱ्या मुलांस शाळेंत येणें शक्य नव्हतें, म्हणून जेथें गुरें चरत त्या कुरणांतच शिक्षिका गेल्या, ती कुरणशाळा. शाळा मुलाकडे जाते, आणि मुलाभोवतीं जें आहे त्याच्यापासूनच आरंभ करते, हें या कार्याचें मर्म होय. ताराबाई १९७३ सालीं व अनुताई १९९२ सालीं निवर्तल्या. ज्या शिंपल्यांनीं बोर्डीचीं मुलें शिकलीं, तसलेच शिंपले आमच्या खाडीकांठीं पायांखालीं पडलेले असतात. फरक वांकून ते उचलून घेणाऱ्यांचा आहे.

हें सूत्र पुढेंही तुटलें नाहीं. सुप्रसिद्ध कादंबरीकार ना. सी. फडके यांच्या कन्या लीलाताई पाटील यांनीं १९८५ सालीं कोल्हापुरास ‘सृजन आनंद विद्यालय’ काढलें, आणि साध्या मराठी शाळेंतही मुलांचें शिक्षण आनंदाचें व विचाराचें करतां येतें हें दाखवून दिलें. सातारा जिल्ह्यांतील कुमठे बीटांत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांनीं वर्गाची फरशी हाच फळा मानला; खडे, बिया, काड्यांच्या मोळ्या घेऊन मुलें गटागटानें बसूं लागलीं, आणि तें पाहावयास महाराष्ट्रभरचे शिक्षक तेथें जाऊं लागले. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमांत तर कृति, शोध आणि परिसराचा धांडोळा यांच्याद्वारें शिकविलें जावें असें स्पष्टच म्हटलें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा रोखही तोच आहे. तेव्हां विचार मान्य झालेला आहे, कायदाही झालेला आहे. तरी २०१८ सालच्या ‘असर’ या पाहणींत ग्रामीण भारतांतील पांचवींच्या मुलांपैकीं जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकांतील उतारा वाचतां आला नाहीं. पुस्तकें पुढें जातात, इयत्ता पुढें जातात, मूल मात्र मागें राहतें. कायदा शाळेच्या दारापर्यंत येऊं शकतो. आपल्या माजघरांत तो येऊं शकत नाहीं. तेथें आपणांसच कांहीं केलें पाहिजे.

आतां एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो आमच्या घरांतूनच आला. आमचे थोरले बंधु, ज्यांस घरांतील सारीं मुलें आबा म्हणतात, ते म्हणाले, “म्हणजे पाठांतर टाकून द्यावयाचें कीं काय? आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी, सारें ओरडून ओरडून पाठ केलें. त्यानें आमचें काय वांकडें झालें?” आबांचें म्हणणें खोटें नाहीं. ज्या समाजानें लेखणीच्या साहाय्यावांचून वेद एका अक्षराचाही फरक न होऊं देतां पिढ्यानपिढ्या संभाळले, त्यानें पाठांतरास तुच्छ लेखणें हा कृतघ्नपणा होईल. ज्याला पाढे येत नाहींत त्याची बुद्धि पदोपदीं अडते. पण पाठांतर हें कोठार आहे, चूल नव्हे. कोठारांत धान्य भरलेलें असावें. परंतु नुसतें भरलेलें ठेवून कोणाची भूक भागत नाहीं. प्रश्न इतकाच कीं, आबांच्या पाऊणकीला आमच्या घरांत चूल मिळणार होती काय? ती मिळाली, आणि तीही आबांच्याच हातून, तें असें.

कोंकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना आडाखा आहे. तिथीची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल त्या तासाच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळीं व सायंकाळीं सहाच्या सुमारास. भरती रोज पाऊण तासानें पुढें सरकते, हें त्यांतलें सूत्र. आबांनीं हा आडाखा मुलास सांगितला आणि म्हणाले, “आज चतुर्दशी, चौदा पाऊणें साडेदहा. बघ बरें खरें होतें कीं काय.” एवढें बोलून ते थांबले. हें थांबणेंच आम्हांस सर्वांत कठीण गेलें.

मुलानें वेळूची एक काठी घेतली, वितीवितीवर चुन्याच्या खुणा केल्या, आणि काकास बरोबर घेऊन ती खाडीकांठीं रोंवली. पहिल्या दिवशीं ती इतकी वर रोंवली कीं पाणी तेथपर्यंत आलेंच नाहीं. काकाच्या जिभेवर शब्द आला होता. पण आत्यानें त्यास आधींच ताकीद देऊन ठेविली होती. दुसऱ्या दिवशीं, लक्ष्मीपूजनास, काठी खालीं सरकली. आडाख्यानें पंधरा पाऊणें सव्वाअकरा येतात. पाणी चढावयाचें थांबलें तें साडेअकरा उलटल्यावर. मुलाचा चेहरा उजळला, कारण नियम जवळजवळ जुळला होता. पाडव्याच्या दिवशीं मात्र घोंटाळा झाला. प्रतिपदेची पाऊणपट पाऊण. म्हणजे दुपारीं पाऊण वाजतां भरती पूर्ण व्हावी. मुलगा जेवण टाकून तेथें बसला. पाणी बारा वाजून गेल्यावर थोड्या वेळानें थांबलें, आणि पाऊण वाजण्यापूर्वींच काठीवरची ओली खूण उघडी पडूं लागली.

तो धांवतच घरीं आला. “आबा, तुम्ही म्हणालां भरती रोज पाऊण तास पुढें जाते. मग काल सव्वाअकरा आणि आज पाऊण, हा दीड तास कसा झाला? पाणी तर एवढें थांबलें नाहीं. मधला पाऊण तास कोठून आला?”

आबांनीं साठ वर्षें हा आडाखा पाठ म्हटला होता. पण हा प्रश्न त्यांना कधीं पडला नव्हता. आम्हांसही पडला नव्हता. त्या रात्रीं दिव्याखालीं नातू व आजोबा दोघे कागद घेऊन बसले. अमावास्येस भरतीची जी वेळ, तीच पौर्णिमेस. म्हणजे पंधरा तिथींत भरती पूर्ण बारा तास सरकली पाहिजे. पण पंधराची पाऊणपट सव्वाअकराच होते. पाऊण तास कमी पडतो. हा कमी पडलेला पाऊण तास प्रतिपदेस एकदम पुढें टाकला जातो, आणि तेथेंच सांधा दिसतो. मग बारा तासांचे पंधरा भाग केले, तेव्हां एकेका तिथीस अठ्ठेचाळीस मिनिटें आलीं. पाऊण तासापेक्षां तीन मिनिटें अधिक. पंधरा त्रिक पंचेचाळीस. हरवलेला पाऊण तास सांपडला. आणि अठ्ठेचाळीस मिनिटें म्हणजे काय? चोवीस मिनिटांची एक घटिका. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या बरोबर दोन घटिका. म्हणजे घटिकांनीं मोजलें तर तिथीच्या दुपटीनें हिशेब चोख बसतो. तासांनीं मोजावयाचें म्हणून पाऊणकीचा सोपा आडाखा चालतो, आणि सोपेपणासाठीं थोडी चूक पदरीं घ्यावी लागते. हें लक्षांत आलें तेव्हां आबा कितीतरी वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, “अरे, हें मला आज कळलें.”

पुढें त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत, सुटी संपून शाळा उघडल्यावरही सवड मिळे तशी, ती काठी उभी होती. कधीं पाणी आडाख्याच्या पुढें, कधीं मागें. समुद्र तेरेखोलच्या मुखाशीं, आणि आम्ही आंत खाडींत. पाण्याला आंत चढून यावयास वेळ लागतो, वाराही मधें पडतो, हें हळूहळू त्याच्या ध्यानीं आलें. उधाण म्हणजे काय आणि भांग म्हणजे काय, हें त्याला कोणी सांगितलें नाहीं. अमावास्येस काठीच्या वरच्या खुणेस लागलेलें पाणी अष्टमीच्या सुमारास तेथवर येईना, तेव्हां त्यानेंच तें विचारलें. प्रश्न परत आले होते. आम्हांस दिवाळीची याहून मोठी ओंवाळणी नको होती.

यावर वाचक म्हणतील, सर्वांच्याच दाराशीं खाडी नसते. खरें आहे, परंतु चूल, अंगण आणि माणसें तर सर्वांच्या घरीं आहेत. एकत्र कुटुंबासारखी शाळा दुसरी नाहीं. पंगतीस पंचवीस पानें असतील तर एका वाटीस तिघे या हिशेबानें तांदूळ किती वाट्या घ्यावे, हें मुलास काढूं द्यावें. आणि भात कमी पडला तर रागावूं नये. माडाचा पाडा पडला म्हणजे झाडागणिक नारळ मोजून त्यानें टीप ठेवावी. कोणता माड आळशी आणि कोणता उदार, तें त्याचें त्यानेंच सांगावें. काजूच्या चार बिया निरनिराळ्या रीतीनें पेराव्या, एक उताणी, एक पालथी, एक खोल, एक उथळ, आणि कोणती आधीं उगवते तें पाहावें. अंगणांत उभी काठी रोंवून दुपारची सर्वांत आंखूड सांवली रोज खुणावी. आमच्या या टापूंत मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत एक दिवस ती सांवली माध्यान्हीं पार नाहींशी होते. तसाच दिवस ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यांतही येतो, परंतु तो बहुधा ढगांत जातो. एवढें करणाऱ्या मुलास उत्तरायण-दक्षिणायन हे शब्द पंचांगांत नुसते वाचावे लागत नाहींत.

आमच्या सावंतवाडीस चितारआळींतील रंगीत लांकडी खेळणीं व फळें प्रसिद्ध आहेत. पुष्कळ घरांत तीं कांचेच्या कपाटांत मांडून ठेवलेलीं असतात, आणि मुलांनीं हात लावला कीं ओरडा बसतो. जें खेळणें कपाटांत राहतें तें घराची शोभा वाढवितें, मुलाची बुद्धि नव्हे. त्याच गांवची गंजिफाही घ्या. दशावतारी गंजिफेंत दहा अवतार, प्रत्येकाचीं बारा पानें, मिळून एकशें वीस. ती वांटतांना, लावतांना, उतरतांना मूल बेरीज, भागाकार आणि स्मरण तिन्ही शिकतें, आणि आपण अभ्यास करीत आहों हें त्याच्या गांवींही नसतें.

भाषेविषयीं एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपल्याकडील मूल शेजारीं, वाडींत, खाडीवर मालवणी बोलतें. माशांचीं, झाडांचीं, वाऱ्याचीं नांवें त्याला मालवणींत जितकीं येतात तितकीं पुस्तकी मराठींत येत नाहींत. ‘असें गांवढळ बोलूं नको’ असें म्हणून आपण त्याचें तोंड बंद करतों, तेव्हां शब्दाबरोबर त्याचें निरीक्षणही बंद होतें. आधीं त्यास त्याच्या शब्दांत सांगूं द्यावें. ग्रांथिक शब्द मग शेजारीं आणून ठेवावा. दोन्ही शब्द त्याचेच होतील.

मुलींविषयीं निराळें सांगण्याची पाळी येऊं नये, तरी येते. स्वयंपाकघरांतील मापें मुलीकडे आणि खाडीवरची काठी मुलाकडे, अशी वांटणी होतां कामा नये. आमच्या घरीं पुढील पंधरवड्यांत काठी धाकट्या पुतणीकडे आली, आणि तिच्या टिपणांत मोठ्यापेक्षां खाडाखोड कमी होती, हें नमूद करणें आम्हांस भाग आहे.

मग वडिलांनीं करावयाचें तें काय? आमच्या अनुभवानें सांगतों: बहुतेक वेळां कांहीं करूं नये. मूल चुकतांना दिसलें तर मनांतल्या मनांत शंभर अंक म्हणावे. त्यानें प्रश्न विचारला तर लगेच उत्तर न देतां ‘तुला काय वाटतें?’ असें विचारावें. आणि आपल्याला ठाऊक नसेल तर ‘मला ठाऊक नाहीं, आपण पाहूं’ हें निःसंकोच म्हणावें. पाण्याजवळ, विस्तवाजवळ, विळीजवळ मात्र कोणीतरी वडील माणूस हटकून असावें. स्वातंत्र्य म्हणजे हेळसांड नव्हे. आणि शाळेच्या वहींत वाकडें अक्षर, ओबडधोबड चित्र गेलें तरी जाऊं द्यावें. तें मुलाचें आहे, एवढें पुरे.

येथें शिक्षकांच्या बाजूनेंही दोन शब्द लिहिले पाहिजेत. खेड्यांतील शाळेंत पुष्कळदां एकाच खोलींत दोन-तीन इयत्ता, आणि वर कागदपत्रांचें ओझें असतें. त्यांतूनही एखादे गुरुजी किंवा बाई मुलांस घेऊन माळावर गेलीं, खडे-बिया मांडून बसलीं, कीं तक्रार करणारे बहुधा आपणच असतों: ‘वहींत कांहीं लिहिलेलें नाहीं, दिवसभर नुसता खेळ.’ भरलेली वही पाहून संतोष मानणाऱ्या पालकांनींच शिक्षकांस वह्या भरावयास लाविलें आहे. शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितींत निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, व निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद केली आहे. म्हणजे तेथेंही पाऊणपट भार आपल्याच शिरावर आहे. त्या समितीच्या सभेस आपण जातों काय, आणि गेलों तर पटावरील संख्या व भिंतींचा रंग यांपलीकडे ‘मुलें काय करून शिकतात?’ असें एकदां तरी विचारतों काय, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.

ती ‘उत्तम’ शेऱ्याची वही आम्हीं टाकून दिली नाहीं. तिच्यांत मागें कांहीं कोरीं पानें होतीं. त्यांवर मुलानें आपल्या भरतीच्या वेळा लिहिल्या आहेत. अक्षर वाकडें आहे, दोन ठिकाणीं शाई सांडली आहे, एका पानास चिखलाचें बोट लागलें आहे. पहिल्या पानांवर चार शिकलेल्या माणसांचें ज्ञान आहे. शेवटच्या पानांवर एका मुलाचें. पाहुणे पुन्हां आले तेव्हां त्यानें वही आणली नाहीं. निघतांना त्यांच्याबरोबर अंगणापर्यंत गेला, आज तिथि कोणती तें आबांस विचारलें, बोटांवर कांहीं मोजलें, आणि म्हणाला, “थोडें थांबा. पाणी अजून चढतें आहे.”